न परतण्यासाठी छापलेल्या नोटा

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील गावोगावच्या नगरपालिकांनी स्वतःच्या नोटा छापल्या आणि त्यांवर आपापल्या लोककथा चितारल्या. अडचणीपोटी जन्मलेले हे चलन पाहता पाहता संग्राहकांचा छंद बनले. रंगीत कागदाच्या या चिमुकल्या तुकड्यांत एका समाजाचा विनोद, अभिमान, द्वेष आणि आर्थिक वाताहत यांचा इतिहास साठलेला आहे.

उत्तर जर्मनीत वेझर नदीच्या काठी हामेल्न नावाचे गाव आहे. मराठी वाचकांना ते ‘हॅमेलिन’ या इंग्रजी वळणाच्या नावाने आणि बासरीवाल्याच्या गोष्टीमुळे लहानपणापासून परिचित असते. उंदरांनी हैराण झालेल्या गावात रंगीबेरंगी वस्त्रे ल्यालेला एक अनोळखी माणूस येतो, ठरलेल्या मोबदल्यात उंदरांचा बंदोबस्त करण्याचे कबूल करतो आणि बासरीच्या सुरांवर साऱ्या उंदरांना नदीत बुडवतो. काम झाल्यावर मात्र गावकरी पैसे देण्यास नकार देतात. तेव्हा तोच बासरीवाला गावातील मुलांना आपल्या मागे घेऊन निघून जातो. ती मुले पुन्हा कधी दिसत नाहीत. परंपरेने या घटनेची तारीख २६ जून १२८४ आणि मुलांची संख्या १३० अशी सांगितली जाते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात याच हामेल्न गावाने स्वतःच्या नोटा काढल्या, तेव्हा त्यांवर हाच बासरीवाला आणि त्याचे उंदीर अवतरले. यात एक विलक्षण विसंगती आहे. नोट म्हणजे देणे फेडण्याचे लेखी वचन. भारतीय नोटेवरही धारकाला तितके रुपये अदा करण्याचे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन छापलेले असते. हामेल्नने मात्र ‘आम्ही पैसे देऊ’ असे वचन ज्या कागदावर दिले, त्याच कागदावर कबूल केलेले पैसे बुडवणाऱ्या आपल्या पूर्वजांची कथा रंगवली! ही विसंगती त्या काळच्या जर्मन चलनाचे मर्मच सांगून जाते. कारण या नोटा छापणाऱ्या बहुतेक गावांची मनोमन एकच इच्छा होती : ही नोट पैसे मागण्यासाठी पुन्हा आपल्या दारी येऊ नये.

सुट्ट्या पैशांचा दुष्काळ

या चलनाला जर्मन भाषेत ‘नोटगेल्ड’ म्हणतात. यातील ‘नोट’चा आपल्या कागदी नोटेशी काही संबंध नाही. जर्मनमध्ये ‘नोट’ म्हणजे गरज, अडचण, संकट आणि ‘गेल्ड’ म्हणजे पैसा. अडीनडीचा पैसा, असा त्याचा सरळ अर्थ.

त्याची सुरुवात ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्धाला तोंड फुटताच झाली. मध्यवर्ती बँकेने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. लोकांनी सोन्याबरोबर चांदीची नाणीही घरात दडवण्यास प्रारंभ केला आणि बाजारातून सुटे पैसे नाहीसे झाले. कामगारांचा पगार भागवायला आणि किराणा दुकानातील उलाढालीला चिल्लर मिळेना. तेव्हा पूर्व सीमेवरील प्रांत, अल्सास आणि रूरचा औद्योगिक पट्टा येथील नगरपालिकांनी व कारखान्यांनी साध्या कागदावर रक्कम छापून किंवा टंकलिखित करून, सही-शिक्का मारून, तात्पुरते चलन वाटले. पुढे युद्ध लांबले तसे तांबे आणि निकेल दारूगोळ्याच्या कामी जाऊ लागले. लोखंड, जस्त, अॅल्युमिनियम अशा हलक्या धातूंची नाणी निघाली, पण तीही पुरेनात. १९१६ नंतर फेनिगमधील, म्हणजे मार्कच्या शंभराव्या हिश्श्यातील, लहान रकमांच्या नोटा गावोगावी छापल्या जाऊ लागल्या.

भारतालाही हा अनुभव अगदी परका नाही. त्याच महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यामुळे ३० नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश सरकारने भारतात पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट काढली आणि पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची, आज चमत्कारिक वाटणारी नोटही आणली. दुसऱ्या महायुद्धात नवानगर, मोरवी, जुनागढ, बुंदी अशा संस्थानांनी पै-पैशांच्या किमतीची छोटी पुठ्ठ्याची कुपने चालवली. सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवणारे दुकानदार तर शहरी वाचकांनी पाहिलेलेच आहेत. विश्वासाच्या परिघात कोणतीही वस्तू पैशाचे काम करू शकते, एवढाच याचा अर्थ. जर्मनीत हा परिघ गावाच्या वेशीपुरता होता. एका गावाची नोट शेजारच्या गावात चालेलच, अशी खात्री नसे.

छंदाचा सुगावा

नगरपालिकांच्या खजिनदारांच्या लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. वाटलेल्या नोटांपैकी बऱ्याचशा मुदत संपली तरी परत येत नव्हत्या. काही फाटल्या, काही हरवल्या. पण कित्येक नोटा लोकांनी मुद्दाम जपून ठेवल्या होत्या. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्यांना नवा छंद सापडला होता.

यातील हिशेब सोपा आहे. पन्नास फेनिगची नोट नगरपालिकेने विकली, म्हणजे तिच्या तिजोरीत पन्नास फेनिग आले. ती नोट परत आली तर तेवढी रक्कम द्यावी लागणार. पण ती कोणाच्या आल्बममध्ये कायमची विसावली, तर कागद आणि छपाईचा खर्च वजा जाता उरलेली सर्व रक्कम गावाची! परत न मागितले जाणारे बिनव्याजी कर्जच ते. युद्धाने कंगाल झालेल्या गावांना हा मोह आवरणे कठीण होते.

१९२० ते १९२२ या काळात मग ‘झेरिएनशाइने’, म्हणजे संचातील नोटा, यांचा पूर आला. हजाराहून अधिक गावांनी अशा नोटा काढल्या. पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर फेनिग, एक आणि दोन मार्क अशा त्यांच्या रकमा असत. एकाच रकमेच्या चार, सहा किंवा त्याहून अधिक नोटा, प्रत्येकीवर कथेतील वेगळा प्रसंग, अशी योजना असे. संपूर्ण गोष्ट हवी तर संपूर्ण संच घेणे भाग! हे संच छापील पाकिटांत घालून दर्शनी किमतीहून अधिक दराने व्यापाऱ्यांना आणि संग्राहकांना विकले जात. नोटेवर मुदत छापलेली असे, पण ती अनेकदा इतकी आखूड असे की व्यवहारात वापरण्याचा हेतूच नव्हता, हे उघड दिसावे. सिलेसियातील ग्लोगाउ येथील फ्लेमिंग-विस्कॉट या छापखान्याने तर देशभरातील गावांसाठी अशा नोटा छापल्या. आज ते ग्लोगाउ पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव ग्वोगुफ असे झाले आहे.

लोककथाच का?

चित्रे कशाचीही काढता आली असती. काही गावांनी चर्च, वेशी आणि किल्ले छापले. आयसेनाख आणि एरफुर्ट या शहरांनी तेथे वावरलेल्या मार्टिन ल्यूथरला नोटांवर आणले. तरीही लोककथा आणि दंतकथा यांचे प्रमाण लक्षणीय आहे आणि त्याला कारणे आहेत.

नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीचा पराभव झाला आणि सम्राट देश सोडून गेला. राष्ट्रीय प्रतीके वादग्रस्त बनली. नव्या प्रजासत्ताकाचा काळा-लाल-सोनेरी ध्वज मानावा की जुन्या साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल, यावरही समाजात फूट होती. अशा वेळी सर्वांना आपले वाटेल असे काय उरले? गावाची वेस, गावाची बोली आणि गावाची गोष्ट. जर्मन भाषेत ज्याला ‘हाइमाट’ म्हणतात, ती आपल्या मुलखाविषयीची जिव्हाळ्याची भावना या नोटांत दाटून आली. शिवाय गोष्ट असलेली नोट गावाची जाहिरातही करी. दूरच्या शहरातील संग्राहक उद्या पर्यटक म्हणून येण्याची आशा होतीच.

या नोटांची भाषाही पाहण्याजोगी आहे. १९२२ मध्ये मेक्लेनबुर्ग प्रांतातील सत्तर गावांनी मिळून एक मालिका काढली. प्रत्येक गावाच्या दहा, पंचवीस आणि पन्नास फेनिगच्या नोटा. त्यांवर उत्तर जर्मनीच्या बोलीत लिहिणारा एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय लेखक फ्रिट्झ रॉयटर याची आठवण जागवलेली. म्हणून ही मालिका ‘रॉयटरगेल्ड’ याच नावाने ओळखली जाते. ज्या बोलीला सरकारी कागदपत्रांत स्थान नव्हते, ती थेट चलनावर झळकली.

गोष्टी आणि त्यांचे अर्थ

लोककथांच्या नोटांत टिल ऑयलेनश्पीगेल हा अवलिया विदूषक अग्रभागी आहे. आपल्याकडील तेनालीरामाची आठवण व्हावी असा. मात्र हा दरबारी नव्हे, तर रस्त्यावरचा. त्याच्या करामतींचे पुस्तक १५१० च्या सुमारास श्ट्रासबुर्गमध्ये छापले गेले. म्योल्न या गावी १३५० मध्ये तो मरण पावला, अशी परंपरा आहे. म्योल्नच्या नोटांवर तो दिसतो, तसाच ब्राउनश्वाइगच्या नोटांवरही.

ब्राउनश्वाइगशी जोडलेली त्याची गोष्ट या चलनाला चपखल लागू पडते. टिल एका बेकरीत कामाला राहतो. रात्री काय भाजायचे, असे तो मालकाला विचारतो. वैतागलेला मालक उपरोधाने म्हणतो, ‘घुबडे आणि माकडे भाज!’ टिल शब्दशः तसेच करतो. सकाळी पावाऐवजी घुबडे आणि माकडे पाहून मालक संतापतो आणि त्याच्याकडून पिठाची किंमत वसूल करून त्याला हाकलून देतो. टिल ती सारी घुबडे-माकडे टोपलीत भरून चर्चसमोर नेतो आणि पिठाच्या किमतीहून कितीतरी अधिक पैशांना विकून मोकळा होतो. साध्या पावापेक्षा गमतीच्या पावाला जास्त भाव मिळतो, हे टिलला ठाऊक होते. संचातील नोटा काढणाऱ्या नगरपालिकांचे अर्थशास्त्र याहून वेगळे नव्हते.

बोडेनवेर्डर हे वेझरकाठचेच दुसरे गाव म्हणजे बॅरन म्युंशहाउझेन याचे जन्मस्थान. १७२० ते १७९७ हा त्याचा जीवनकाळ. हा खराखुरा सरदार आपल्या शिकारीच्या आणि लढायांच्या अचाट गप्पांसाठी प्रसिद्ध होता. इतरांनी त्या गप्पांत भर घालून पुस्तके लिहिली आणि ‘म्युंशहाउझेन’ हे थापाड्याचे जगप्रसिद्ध नाव झाले. दलदलीत रुतलेल्या स्वतःला आणि घोड्याला त्याने स्वतःच्याच केसांची शेंडी धरून वर ओढून काढले, ही त्याची सर्वांत गाजलेली थाप. बोडेनवेर्डरने आपल्या नोटांसाठी त्याचीच निवड केली. तिजोरी रिकामी असताना स्वतःच पैसा छापून स्वतःला सावरू पाहणाऱ्या गावाला याहून योग्य नायक मिळाला नसता.

हार्झ पर्वतातील गावांनी चेटकिणींना जवळ केले. ३० एप्रिलच्या रात्री, वालपुर्गिसच्या रात्री, साऱ्या चेटकिणी झाडूवर बसून ब्रोकेन शिखरावर जमतात, अशी तिकडची समजूत. गटेच्या ‘फाउस्ट’मुळे ती जगभर पोहोचली. नोटांवरील या चेटकिणी भयापेक्षा गंमतच अधिक निर्माण करतात.

सौंदर्यदृष्ट्या सर्वाधिक वाखाणल्या जाणाऱ्या संचांत नाउमबुर्गचा समावेश होतो. पुढे छायाचित्रकार म्हणून नावाजलेल्या वाल्टर हेगे याने तो काळ्या छायाकृतींत चितारला. कथा अशी, की १४३२ मध्ये हुसाइट सैन्याने प्रोकोप या सेनापतीच्या नेतृत्वाखाली नाउमबुर्गला वेढा घातला. तेव्हा गावातील मुले पांढरे सदरे घालून शत्रूच्या तळावर दयेची याचना करण्यास गेली. सेनापतीचे मन द्रवले. त्याने मुलांना चेरीची फळे खाऊ घातली आणि वेढा उठवला. इतिहासात या वेढ्याला आधार सापडत नाही. पण गाव दरवर्षी जून महिन्यात चेरीचा उत्सव साजरा करते. नुकतेच महायुद्ध हरलेल्या, उपासमार सोसलेल्या देशात मुलांच्या निरागसतेपुढे नमणाऱ्या शत्रूची कथा लोकांना का भावली असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

कथेची काळी बाजू

मात्र लोककथा नेहमीच निर्मळ असतात, असा समज करून घेतल्यास हे चलन नीट वाचता येत नाही. मेक्लेनबुर्गमधील श्टेर्नबेर्ग या गावी १४९२ मध्ये ज्यूंवर चर्चमधील पवित्र प्रसादाची विटंबना केल्याचा आळ घेण्यात आला आणि २७ जणांना जिवंत जाळण्यात आले. अशा आरोपांची मध्ययुगीन युरोपात एक परंपराच होती आणि ते ज्यूंच्या हत्येसाठी व हकालपट्टीसाठी निमित्त म्हणून वापरले जात. सव्वाचारशे वर्षांनी श्टेर्नबेर्गने आपल्या गावाची ‘आठवण’ म्हणून नोटेवर हाच प्रसंग छापला. नोट छापणाऱ्यांना त्यात काही गैर वाटले नाही, हीच गोष्ट सर्वांत बोलकी आहे. चेरी वाटणारा सेनापती आणि चितेवरचे ज्यू, दोन्ही एकाच ‘हाइमाट’च्या अभिमानातून आले होते.

पुढच्या काळात तर कागदी पैसा उघड प्रचाराचे साधन झाला. महागाईत कवडीमोल झालेल्या सरकारी नोटांवर नाझी पक्षाने ज्यूद्वेषी मजकूर छापून त्या वाटल्या. म्हणूनच या विषयाचा जाणकार संग्राहक अशा नोटा आल्बममधून वगळत नाही. त्यांच्याशेजारी त्यांचा इतिहास नोंदवून ठेवतो.

शून्यांची रांग

संचांच्या या बाजाराला अखेर सरकारने लगाम घातला. १७ जुलै १९२२ च्या कायद्याने असे स्थानिक चलन काढण्यास बंदी करण्यात आली. पण नियतीचा खेळ असा, की बंदीनंतर वर्षभरातच सरकारला पुन्हा गावांच्याच नोटांवर विसंबून राहावे लागले. युद्धापूर्वी एका अमेरिकन डॉलरला ४.२ मार्क पडत. जुलै १९२२ मध्ये हा दर सुमारे ४९०, तर जानेवारी १९२३ मध्ये सुमारे १८ हजारांवर गेला. त्याच महिन्यात फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रूरचा प्रदेश ताब्यात घेतला. संपावर गेलेल्या कामगारांना पोसण्यासाठी जर्मन सरकारने नोटा छापण्याचा सपाटा लावला आणि मार्क कोसळत गेला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एक डॉलर ४ लाख २० हजार कोटी मार्कांना होता.

एवढ्या नोटा छापणे मध्यवर्ती बँकेच्या आवाक्याबाहेरचे होते. नगरपालिका, रेल्वे, कारखाने, बँका सर्वांनी पुन्हा छपाई सुरू केली. या नोटांवर आता गोष्टी नव्हत्या; त्यांना वेळही नव्हता. घाईघाईने एका बाजूला छापलेली रक्कम, जुन्या नोटेवर शिक्का मारून वाढवलेली शून्ये, एवढेच त्यांचे रूप. अपवादही होते. बाउहाउस या कलाशाळेतील हर्बर्ट बायर या तरुण विद्यार्थ्याने थुरिंगिया राज्याच्या बँकेसाठी १९२३ मध्ये लाखो मार्कांच्या नोटा आखल्या. अलंकरण टाळून केवळ ठळक अक्षरे आणि रंगांचे पट्टे यांवर उभ्या केलेल्या या नोटा आज आधुनिक आरेखनाच्या इतिहासात गणल्या जातात. बीलेफेल्ड या वस्त्रोद्योगाच्या शहरातील बचत बँकेने तर रेशीम आणि लिननच्या कापडावर नोटा छापल्या. त्या प्रामुख्याने संग्राहकांसाठीच होत्या. याआधी, १९२०-२१ मध्ये, मायसेनच्या प्रसिद्ध कारखान्याने चिनी मातीची नाणीही घडवली होती.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी ‘रेंटेनमार्क’ हे नवे चलन आले. एक लाख कोटी कागदी मार्कांच्या बदल्यात एक नवा मार्क, असा हिशेब ठरला आणि शून्यांची रांग थांबली. या हिशेबात कोणाचे काय गेले, हे पाहिले म्हणजे संचातील नोटांचे खरे स्वरूप कळते. १९२१ मध्ये ज्याने पन्नास फेनिग देऊन बासरीवाल्याचे चित्र घेतले, त्याने ते पैसे समजून-उमजून, आनंदासाठी खर्च केले होते. त्याच्या हाती निदान चित्र तरी राहिले. पण ज्याने आयुष्यभराची बचत बँकेत ठेवली किंवा देशभक्तीपोटी युद्धकर्जाचे रोखे घेतले, त्या पेन्शनर शिक्षकाला, विधवेला, किरकोळ व्यापाऱ्याला कोणी विचारले नव्हते. त्यांचेही देणे एका वचनावरच अवलंबून होते. ते वचन मोडले गेले आणि मध्यमवर्गाचा राज्यव्यवस्थेवरील विश्वास त्याबरोबर ढासळला. त्याचे परिणाम पुढील दशकात साऱ्या जगाने भोगले.

संग्राहकाची नजर

शंभर वर्षांनंतरही हा छंद जिवंत आहे, याचे एक साधे कारण म्हणजे तो परवडतो. संचातील नोटा अफाट संख्येने छापल्या गेल्या आणि जपूनच ठेवल्या गेल्या. त्यामुळे लोककथांचे कित्येक संच आजही मोजक्या युरोंत, कोऱ्या करकरीत अवस्थेत मिळतात. नवख्या माणसाला येथे एक उलटा न्याय लक्षात ठेवावा लागतो. सुंदर, रंगीत, न वापरलेली नोट सहसा स्वस्त. तर १९१४ मधील साध्या कागदावर टंकलिखित केलेली, शिक्का मारलेली, हातोहात फिरून मळलेली नोट दुर्मीळ आणि मौल्यवान. कारण पहिली जपण्यासाठी जन्मली होती आणि दुसरी खरोखरच पैसा म्हणून जगली होती.

या क्षेत्राला शिस्त लावली ती आर्नोल्ड केलर या जर्मन अभ्यासकाने. अडीनडीच्या पैशाची सूची करण्यात त्याने आयुष्य वेचले. आज हान्स-लुडविग ग्राबोव्स्की आणि मानफ्रेड मेल यांनी तयार केलेली संचातील नोटांची सूची संग्राहकांसाठी प्रमाण मानली जाते. संच पूर्ण आहे का, त्याचे मूळ पाकीट आहे का, रंगछटा किंवा क्रमांकाच्या छपाईत फरक आहे का, हे त्या सूचीवरून ताडून पाहता येते. अनेक गावांची जुनी जर्मन नावे आजच्या नकाशात सापडत नाहीत. सिलेसिया, पोमेरेनिया आणि पूर्व प्रशियातील कित्येक गावे १९४५ नंतर पोलंड आणि रशियाच्या हद्दीत गेली, त्यांची नावे बदलली आणि जर्मन रहिवासी परागंदा झाले. अशा गावाची लोककथा कधी कधी नोटेवर उरली आहे, पण ती सांगणारे गावकरी तेथे नाहीत.

हा संग्रह भारतात करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते ती हवेची. मुंबई-कोकणच्या दमट हवेत शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके लवकर पडतात. नोटा पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटांत ठेवाव्यात, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे, पावसाळ्यात आल्बम कोरड्या जागी हलवावेत आणि नोंदी नोटेवर न करता वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने कराव्यात, ही किमान पथ्ये होत.

संग्रहालयांनीही आता या कागदांकडे गांभीर्याने पाहण्यास सुरुवात केली आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २०१९ मध्ये जर्मनीच्या आपत्कालीन चलनावर स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. नाणकशास्त्रात एरवी राजे, टाकसाळी आणि धातू यांची चर्चा होते. येथे मात्र नगरपालिकेचे कारकून, गावचे चित्रकार आणि आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी चलनाच्या इतिहासात शिरल्या आहेत.

या नोटांच्या बदल्यात पैसे देण्यास बांधलेल्या त्या काळच्या तिजोऱ्या केव्हाच रित्या झाल्या. म्योल्न, बोडेनवेर्डर, नाउमबुर्ग आणि हामेल्न ही गावे मात्र आपापल्या गोष्टींच्या बळावर आजही पर्यटकांना खेचून घेतात. हामेल्नमध्ये उन्हाळ्यात दर रविवारी बासरीवाल्याची कथा रंगमंचावर सादर होते आणि ती पाहायला दूरदूरहून माणसे येतात. ज्या बासरीवाल्याचे देणे गावाने एकदा नाकारले, त्याच्याच नावावर गावाचा आजचा बराचसा व्यवहार चालतो.